बाथरूमची उरलेली भिंत

दि. ४ मार्च, मंगळवार

चि. सोन्यास आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण काठी घेऊन हॉलपर्यंत येतात. सूनबाईच्या कमरेचं दुखणं कमी झालं का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू बोलणार आणि मी हं हं करणार. त्यात तुझ्या मागे टीव्ही चालू असतो आणि माझ्याही, म्हणजे बोलतात ते टीव्हीच. म्हणून पत्र लिहायला बसले.

तुझं खोकं पोचलं. मी तुझ्याकडे बाथरूमच्या भिंतीला बसवायची दांडी मागितली होती. बाबांना स्टुलावरून उठताना धरायला काहीतरी हवं, एवढं साधं. तू बाथरूममध्ये लावायचा टीव्ही पाठवलास. आता त्याला धरून उठायचं का त्यांनी?

खोक्यातलं माहितीपत्रक मी चष्मा लावून वाचलं. त्यात एक बाई टबात बसून तोंडभर हसतीये आणि समोरच्या टीव्हीवर समुद्र बघतीये. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या बाईला आणखी पाणी कशाला बघायचंय, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. असली डोकी चालवणारी माणसं असतात आणि त्यांच्या हातात पैसे ठेवणारा माझ्याच पोटी निपजावा, याचं मला फार नवल वाटलं.

आपल्याकडे टब नाही, ते तू विसरला असशील. आपल्याकडे निळी बादली, प्लॅस्टिकचं स्टूल आणि गीझरचा अधूनमधून रुसणारा नळ आहे. टीव्ही स्टुलासमोरच्या भिंतीवर लावला तर बाबांना मान वर करून बसावं लागेल आणि डोक्यावर ओतलेलं पाणी सरळ नाकात जाईल. बाजूच्या भिंतीवर लावला तर मान वळत नाही. साबणाच्या हातात रिमोट राहणार नाही. आणि बातम्या सांगणारी ती बाई कोट घालून समोर उभी, हे इकडे टॉवेलवर. या वयात त्यांची काही अब्रू आहे की नाही?

हॉलमध्ये एक, झोपायच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात फ्रीजच्या डोक्यावर एक. घरात माणसं दोन आणि टीव्ही तीन, बहुमत आधीच त्यांचं आहे. आता एक बाथरूमची भिंत उरली होती तर तीही तुझ्या डोळ्यांत खुपली.

तू म्हणालास, बाबा आत इतका वेळ असतात, कंटाळत असतील. ते कंटाळत नाहीत. मला माहीत आहे, कारण आंघोळ मी घालते, तू नाही. आणखी एक म्हणालास, की तुमचं दोघांचं काही बोलणं नसतं, निदान आवाज तरी असेल. यावर मी काही लिहीत नाही.

टीव्ही लावायला वायरमन पाठवू नकोस. वाफेने तो बिघडेल, विजेचा धक्का बसेल, काय हवं ते कारण समज.

तुझी
आई


दि. १५ मार्च, शनिवार

चि. सोन्यास,

आशीर्वाद आहेतच. राग आला म्हणून ते मागे घेता येत नाहीत.

पाठवू नकोस म्हटल्यावरही तू वायरमन पाठवलासच. शिवाय परवा फोनवर म्हणालास, "आई, तुला त्यातलं काय कळतंय? बाबांना बरं वाटेल." मी फोन ठेवून दिला, तर तू सूनबाईला सांगितलंस म्हणे, की लाइन कट झाली. लाइन चांगली होती. मीच ठेवला.

हे वाक्य मी पूर्वीही ऐकलेलं आहे. कुठे, ते आज सांगते. तुझ्यासारख्या शहाण्याला त्याशिवाय समजायचं नाही.

तू चौथीत होतास. हे घर बघायला आम्ही आलो होतो, बरोबर तुझे काका आणि घर दाखवणारा दलाल. तिघं हॉलमध्ये उभे राहून बाल्कनीतल्या वाऱ्याचं कौतुक करत होते. मी बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं. मी बाहेर येऊन म्हटलं, फरशीचा उतार चुकलाय, आधी ती उखडून परत घालून द्या, मग सही करू. तुझे बाबा दलालाकडे बघून हसले आणि म्हणाले, "हिला काय कळतंय." काकाही हसले. दलाल तर हसणारच, त्याचा धंदाच तो.

सही त्याच दिवशी झाली. त्या दिवसापासून मी त्यांना काही सांगितलं नाही. जिला कळत नाही तिने तोंड कशाला उघडावं? त्यांनीही विचारलं नाही. हट्टात कोणी कोणाला हार जाणारं नव्हतं. मग तू होतास. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." "आईला सांग, आज उशीर होईल." आम्ही दोघं एकाच खोलीत असायचो आणि तू मध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगायचास. पुढे नोकरी लागली, तू परगावी गेलास आणि जाताना पहिला टीव्ही आणून हॉलमध्ये लावलास, तुझ्या जागी. हे मला तेव्हाच कळलं होतं. फार वाईट वाटलं होतं, पण बोलले नाही. नंतर दुसरा आला, तिसरा आला, आणि तुझ्या अकलेचं मला हसू यायला लागलं. घरातली दोन माणसं बोलत नाहीत म्हणून मुलगा भिंतींना बोलायला लावतो, असं दुसरं घर कुठे असेल असं वाटत नाही.

आता पुढचं. हे लिहायचं मी मागच्या पत्रात टाळलं. लाज वाटत होती.

अर्धांगाचा झटका आल्यानंतर डॉक्टरांनी बाबांना बोलत राहायला सांगितलं होतं. हे तोंड मिटून बसले. जीभ जड झालेली, बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, आणि आयुष्यभर चारचौघांत रुबाब केलेला माणूस. तो कसला बोलतोय? तू फोन केलास की मान हलवायचे. तुला वाटायचं, ऐकतायत. आंघोळ घालायला ठेवलेली बाई काम सोडून गेली आणि ते माझ्यावर आलं. मी नळ सोडला, बादली भरायला लागली, आणि पाण्याच्या आवाजात आणखी काहीतरी ऐकू यायला लागलं. मला वाटलं नळीत हवा अडकली असेल. वाकून बघितलं तर हे बोलत होते. फरशीवरचं पाणी दाराकडे चाललं होतं, त्याच्याकडे बघत म्हणाले, "उतार चुकलाय. तू म्हणाली होतीस."

मी नळ बंद केला तर गप्प. परत सोडला तर परत बोलले. नळाच्या आवाजात आपलं बोबडं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांचं डोकं असंच चालतं, तूही त्यांच्यावरच गेलायस.

तुला वाटेल, आईच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. तसलं काही नाही. मी म्हटलं, "एवढी वर्षं पाय भिजत होते तेव्हा दिसलं नाही का?" त्यावर अर्ध्या तोंडाने हसले. मग मी पाठ चोळता चोळता साठलेलं सगळं ऐकवलं. काकांबद्दल बोलले, त्या दलालाबद्दल बोलले. त्यांनीही मला बरंच ऐकवलं. मी हट्टी आहे, मी सुनेला धाकात ठेवते, मी तुला लाडावलं. शेवटचं मी मान्य केलं.

तेव्हापासून रोज चालू आहे. कधी भांडण, कधी नुसत्या चकाट्या. बादली भरून वाहते तरी नळ बंद करायची शुद्ध नसते. त्यांचे शब्द अर्धेच येतात, पण मला कळतात. हे वाक्य परत एकदा वाच, मला कळतात. आणि तिथे तू बातम्या लावायला निघालायस.

तर काल सकाळी तुझा वायरमन आला. बाबा हॉलमध्ये बसलेले, समोर टीव्ही मोठ्याने चालू. वायरमनने बाथरूमच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्या, ड्रिल लावलं, तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "नको." आधी मलाच खरं वाटेना. नळ बंद होता. वायरमन म्हणाला, "काकू, काका काय म्हणतायत?" मी म्हटलं, "नको म्हणतायत." त्याला वाटलं आवाजाचा त्रास होतोय. म्हणाला, "काका, हे बघा, आत्ता होईल." आणि परत ड्रिल उचललं.

तेव्हा हे उठले. काठी टेकत दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी साचलेल्या पाण्यात पाय ठेवून उभे राहिले. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती पुसलीही नाही. वायरमनला म्हणाले, "हिला विचार." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला एवढं तरी समजलं असावं. पण त्यांना वाटलं समजलं नाही, म्हणून परत म्हणाले, हळूहळू, एकेक अक्षर ओढून, "हिला विचार. हिला कळतं."

सोन्या, तेव्हा मात्र मला स्वयंपाकघरात जावं लागलं. तोंड धुऊन बाहेर आले आणि वायरमनला सांगितलं, टीव्ही लावायचा नाही. दांडी मी मागच्याच आठवड्यात खालच्या दुकानातून आणून ठेवली होती, तुझ्या भरवशावर कोण बसतंय? तो ड्रिल घेऊन आलाच होता, तर त्याच्याकडून ती बसवून घेतली. तुझे बाबा दाराशी उभे राहून त्याच्या चुका काढत होते.

तुझं खोकं जिन्याशी ठेवलंय. येशील तेव्हा घेऊन जा आणि तुझ्या बाथरूममध्ये लाव. तुम्हा दोघांचे फोन ऐकून वाटतं, तिकडे त्याची गरज जास्त आहे. राग मानू नकोस. मानलास तरी हरकत नाही, सूनबाईला सांग, म्हणजे त्या निमित्ताने तिच्याशी काहीतरी बोलशील.

एक राहिलं. सकाळी आंघोळीच्या वेळेला फोन करत जाऊ नकोस. मी उचलणार नाही. आम्ही बोलत असतो.

तुझी
आई