दोरीमागचा चेहरा

६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. त्यांच्या कामाच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास अजून आहे, म्हणून मी खिडकी उघडत नाही. स्टँडवर त्यांनी दुरुस्त केलेलं शेवटचं चित्र आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं, ख्रिस्ती संताला मारतात ते. सगळीकडे काळोख, उजेड फक्त संताच्या छातीवर. एक जण पाय रोवून त्याच्या हातांची दोरी ओढतोय, मागे दुसरा बोट दाखवून हुकूम सोडतोय. बावीस तारखेला मालक न्यायला येतील.

त्या दोरीवाल्याचं नाक आणि जिवणी मला माझी वाटते. पहिल्या आजारपणात बाबा भ्रमात नळ्या ओढून काढायचे, तेव्हा मी दवाखान्यात त्यांचे हात बांधू दिले. घरी आल्यावर दोन महिने ते या चित्रापाशी बसले, माझ्याशी मोजकंच बोलले. ते मला असंच समजून गेले का?

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
बायो

१० मार्च

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाक तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला कुठे सापडलं, ते तरी कळव! वेडाबाई, बाबांची पद्धत विसरलीस? उडालेला रंग ते बारीक उभ्या रेघांनी भरायचे. लांबून चित्र सलग दिसावं, जवळून दुरुस्ती लपू नये. भिंग घे. दोरीवाल्यावर रेघा नसतील तर तो मूळचाच.

हात बांधायचं तू ठरवलंस, त्यात काही चुकलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा.

तुझा,
दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भिंगाने पाहिलं. दोरीवाल्यावर एकही रेघ नाही. पण हुकूम सोडणाऱ्याचा अख्खा चेहरा रेघांचा आहे. कामाआधीच्या फोटोत तिथे नुसता पांढरा डाग दिसतो. चेहराच गेला असेल तर बाबा तिथे करडा रंग लावून सोडून देत, मनाने कधी भरत नसत. इथे भरलाय. रुंद कपाळ, डाव्या भुवईत चीर. तशी चीर आपल्या घरात एकालाच आहे.

"मी ठरवलं" असं तू लिहितोस. मी नको म्हणत होते, फोनवर तू "बांधा" म्हणालास. वर "बाबांपुढे माझं नाव घेऊ नकोस" अशी गळ घातलीस. मी शब्द पाळला. पण तेव्हा मी बाबांच्या पलंगाशीच उभी राहून तुझ्याशी बोलत होते. ते झोपलेत असं मला वाटलं होतं.

तू त्यांना नंतर काय सांगितलंस?

बायो

१८ मार्च

चि. बायोस,
अ. आ.

त्यांनी विचारलं, हात कोणी बांधायला लावले. मी तुझं नाव सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, पटलं. तू रोज त्यांच्याजवळ होतीस, तुला माफ केलं असतं. मी लांब. माझ्याशी कायमचं बोलणं टाकलं असतं.

दुरुस्तीचे रंग पुसता येतात, बाबा तसेच वापरायचे. मालक येण्याआधी तेवढा चेहरा कापसाने पुसून टाक. चारचौघांत लागेल ते चित्र. एवढं ऐक माझं.

दादा

२३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेत मिळालं. कापूस भिजवला होता.

काल मालक आले. चित्र गुंडाळण्याआधी बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, मागचा हा माणूस कोण.

मी म्हटलं, घरचाच आहे.

प्रकृती सांभाळ. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बायो