सगळं माहितीस्तव

२ जून
आजपासून समन्वय अधिकारी. डावीकडे केंद्राचं ऑफिस, उजवीकडे राज्याचं, मधल्या पॅसेजमध्ये माझं टेबल. बंद कारखान्यातल्या कामगारांना वेल्डिंग शिकवायचं. मशीन केंद्राची, मास्तर राज्याचा. महिनाअखेरपर्यंत क्लास सुरू झाला नाही तर योजना बंद. किरकोळ काम. मेहुणा त्याच कारखान्यातला, सध्या आमच्या सोफ्यावर. त्याला म्हटलं, पहिलं नाव तुझं. बायको चक्क हसली.

५ जून
केंद्राच्या मॅडम म्हणतात, आधी मास्तर येऊ दे. राज्याचे साहेब म्हणतात, आधी मशीन येऊ दे. दोघंही मानी. पत्रावर 'कार्यवाहीस्तव' लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटेल. म्हणून दोघांनाही 'माहितीस्तव' लिहून पाठवलं. माणसं सांभाळावी लागतात.

१३ जून
कुठूनही तक्रार नाही. समन्वय म्हणतात तो हाच. मेहुण्याने पुन्हा विचारलं, क्लास कधी? जरा सबुरी शीक म्हटलं. भाजीत मीठ नव्हतं. बायको विसरली असेल.

२१ जून
दोन्हीकडे स्मरणपत्र. तेही माहितीस्तव, उगाच कुणाला टोचायला नको. उद्या मात्र स्वतः आत जाऊन बोलायचं. म्हणजे बोलायचंच.

२२ जून
मॅडम रजेवर. एकट्या साहेबांशी बोललो तर पक्षपात दिसेल. राहू दे. घाईत कामं बिघडतात.

३० जून, सकाळी
मॅडम आणि साहेब दोघंही माझ्या टेबलाशी. क्लास कुठाय म्हणे. मी म्हटलं, आपल्याला वेळोवेळी कळवलंय. मॅडम म्हणाल्या, "कळलं हो, पण करायचं काय, ते कुठे लिहिलंय?" साहेबांनी मान डोलावली. दोघांचं प्रथमच एकमत! चहा सांगितला. थांबलं कुणीच नाही.

४ जुलै
संयुक्त पत्र आलं. एकाच कागदावर दोघांच्या सह्या, हे माझंच यश. मजकूर असा: योजना बंद, समन्वयाचं पदही बंद.

घरी आलो तर मेहुणा बॅग भरत होता. परगावी गोदामात हमालीचं काम मिळालंय. वेल्डिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मला चिडता तरी आलं असतं. नुसतीच लाज वाटली. पत्राचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी, तिकडे अजून एक माणूस हवाय. तुमच्यासाठी विचारू का?"

विचार करून कळवतो म्हटलं.

बायको आतून म्हणाली, "ते येतायत म्हणून सांग."