गोल हौदातला दगड

ग्योतोकु, जपान, १२ मे २०१३

चि. माधवभावजींस सरोजिनीवहिनीचे आशीर्वाद. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नका. भूकंपानंतर वीज पाळीपाळीने जायची, तेव्हा देवदत्तच्या नवव्या मजल्यावर चढून जे गेले ते गेलेच.

पाणी संस्थेचा कागद मिळाला. कालव्याचं पाणी आणि पंपाची वीज, दोन्ही गावाच्या मालकीची करणार म्हणे. माझं शेत कालव्याच्या तोंडाशी, म्हणून माझ्या सहीवाचून अडलंय. भावजी, आपल्या गावात देवळाची घंटा सगळ्यांची आहे, तर तिचा लोलक दोनदा चोरीला गेला.

तरी सूनबाईने, प्रणिताने, मला इथल्या डोंगरातल्या एका गावी नेलं. (देवदत्त आला नाही. त्याला रविवारीही कुठल्याशा साहेबाचा, इथल्या बोलीत 'सान'चा, फोन येतो.) तिथल्या पाणी संस्थेचे म्हातारे अध्यक्ष होरिउची-सान सांगत होते, प्रणिता मराठीत सांगत होती. यांचे आजे पाण्यावरून विळे घेऊन एकमेकांवर धावायचे. दोन माणसं गेली तेव्हा कुठे थकले आणि गोल हौद बांधला. पाणी मधून वर येतं नि काठावरून सगळीकडे सारखं सांडतं, ज्याची जेवढी जमीन तेवढा काठ त्याचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पुढे त्याच कालव्यावर चाक बसवून वीज काढली, तीही संस्थेचीच.

ते दोघं थर्मासकडे वळले आणि माझ्या हाताने घात केला. काठाच्या एका खाचेत मी दगड सरकवला. मनात काही नव्हतं, बोलता बोलता लसूण सोलावा तसा. खालच्या शेतातून चार म्हातारे धावत आले. ओरडलं कोणी नाही. होरिउची-साननी दगड काढला, पुसला, माझ्या हातात दिला, वाकून नमस्कार केला आणि प्रणिताला म्हणाले, "आजींचं शेत वरच्या अंगाला असेल." तेव्हापासून मला जेवण जात नाही.

तर भावजी, तीस वर्षं उन्हाळ्यात तुमच्या पाटाला पाणी कमी यायचं आणि तुम्ही बांधावरच्या घुशींना विष घालायचात. घुशी नव्हत्या, मी होते. तुमच्या कुमुदिनीचा ऊस वाळला त्या साली मी तिची समजूत घालायला आले आणि वर चहात साखर कमी म्हणून बोलून गेले.

आता सांगा, सख्ख्या जावांत हे, तर साऱ्या गावाचं काय व्हायचं? कोणी तारेवर आकडा टाकेल, कोणी पंप विकून खाईल, तुमचा जीव मात्र जाईल. नाद सोडा.

ता. क. : सही केलेला कागद सोबत आहे. अक्षर वाकडं आलंय, पण माझंच आहे.

ता. क. दुसरा : हे पत्र कुमुदिनीला मी यायच्या आत वाचून दाखवा. तोंडावर सांगायला मला जमणार नाही.

ता. क. तिसरा : अध्यक्ष मला करा. पाणी कुठे कुठे अडवता येतं, हे तुमच्यापैकी कोणालाच धड ठाऊक नाही. जूनचं तिकीट काढलंय.