ऑक्टापॅडला पाजलेला नारळ

अहो मास्तर,

धाराशिवला चालले. ऑक्टापॅड दुरुस्तीला नेतेय, घरभर हुडकत बसू नका.

दसऱ्याला ऑक्टापॅडच्या क्लासचा बोर्ड लावलात, आता संक्रांत आली, तरी तुमची शिकवणी फरशीवरच. आधी खडूनं मशीनसारखे आठ चौकोन काढा, कुठल्यात संबळ, कुठल्यात हलगी ते लिहा, मग लाकडी पाटावर हात बसवा. मशीनमधी आवाज भरायचं सगळ्यात शेवटी. नवशिक्यानं घाई करू न्हाय म्हणं! मी खडू झिजवले, पाट बडवला, वर "हर्षाली, तुझा हात अजून कच्चा हाय" हेबी ऐकून घेतलं. शेजारची आरोही तर आपल्याला जमायचंच न्हाय म्हणून रडत घरी गेली.

आज तुम्ही रानात गेल्यावर मशीन चालू केलं. दिवा लागला न्हाय, फटीतनं मुंग्या तेवढ्या निघाल्या. तवा आठवलं, खंडेनवमीच्या पूजेला तुम्ही नारळ मशीनवरच धरून फोडला होता. पाणी सगळं आत गेलं, आन् कच्चे ठरले आमचे हात! बिघडलं म्हणून सांगायला जीभ झडली असती काय?

पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात हाय. जेवायच्या आधी आरोहीच्या घरी जा आन् तिच्या आईपुढं तिला खरं सांगा.

मशीन नीट झालं तर आवाज मी आन् आरोही भरू. तुम्ही चौकोन काढत बसा.

आन् मशीन घरी आलं म्हणून नारळ आणू नका.

हर्षाली