पाचवी ओळ

उरण, रविवार, २० एप्रिल

ति. शिवानीताईस,
शि. सा. न. वि. वि.

मेलने पाठवलं तरी पत्र पत्रासारखंच लिहायचं, ही बाबांची शिस्त मी मोडलेली नाही. या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा शेवटी दिल्या आहेत. भावोजींना सांग, शनिवारपासून पाणी फारसं मागे हटणार नाही. डोंगराच्या प्रदक्षिणेला माणसं नेताना घाई करू नका म्हणावं, आणि उशीर तर मुळीच नको.

एक विचारायचं होतं. तू डोळ्यांनी अख्खा तक्ता एकदम बघतेस. मला तो एकेक खण करून मिळतो. बाण दाबला की माझ्या कॉम्प्युटरमधली वाचणारी बाई सांगते, ओळ दोन, ओहोटी, अमुक वाजता, पाण्याची उंची अमुक. पुन्हा बाण, ओळ तीन. ऑफिसात दिवसभर न्हावा शेव्याच्या कंटेनरांचे तक्ते मी असेच ऐकते, पायऱ्या मोजत जिना उतरावा तसे. भरती-ओहोटीच्या पानावर रोजचा तक्ता चार ओळींचा. दोन भरत्या, दोन ओहोट्या, संपलं. पण आज चौथीनंतर सवयीने एक बाण जास्त दाबला गेला आणि बाई म्हणाली, ओळ पाच. भरती की ओहोटी ते सांगितलं नाही. थोडी थांबली, मग नुसती एक वेळ. उंचीच्या खणात, रिकामे.

सातही दिवसांना तसंच आहे. तुझ्या फोनवर ते पान उघडून किती ओळी दिसतात ते कळव. मी तुला चारच पाठवते आहे.

ठमीमावशीला नमस्कार. तिच्या हातच्या घावनांची आठवण येते. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
दिपाली


हरिहरेश्वर, मंगळवार, २२ एप्रिल

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

पान उघडून बघितलं. चार ओळी. यांनीही चष्मा लावून मोजल्या, त्यांच्याही चारच भरल्या. तुझ्या बाईला कामाचा कंटाळा आला असेल, तिला दोन दिवस रजा दे.

इथे सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली आहे. खानावळीत दुपारी दोन पंगती उठतात. ठमीमावशी चुलीपुढून हलत नाही आणि मी हलले की ओरडते. कालच एकजण खानावळीबाहेरच्या भरती-ओहोटीच्या फळ्यापुढे उभा राहून यांना सांगत होता की वेळा त्याच्या फोनवरही आहेत, तुमचा फळा कशाला. हे म्हणाले, फोन तुमचा, पण या वेळा माझ्या मेव्हणीने बघितलेल्या आहेत, तिने सांगितलं म्हणजे सांगितलं. त्या माणसाने फोन खिशात घातला. तुला न बघताच घातला, हे विशेष.

म्हणून एक मागणं आहे. नक्की नसेल ते कळवू नकोस. पायऱ्या उतरून डोंगराच्या पोटाशी कातळावर गेलं की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, हे तुला ठाऊक आहे. तिथे हे पंधरा-पंधरा माणसं घेऊन फिरतात ते तुझ्या शब्दावर. बाबा तिथूनच गेले. मला पुन्हा त्या पायऱ्यांवर वाट बघत उभं राहायचं नाही.

उन्हात फिरू नकोस. माया आहेच, ती काही लिहून वाढत नाही.

तुझी,
ताई


उरण, रविवार, २७ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईला रजा दिली नाही. उलट ऑफिसातल्या ऋत्विकला शेजारी बसवलं. त्यालाही चार ओळी दिसल्या. पान करणारे कधीकधी एखादी ओळ झाकून ठेवतात आणि ती फक्त वाचणाऱ्या बाईलाच सापडते, असं तो म्हणाला. त्याने पानाच्या पोटात, त्याच्या कोडमध्ये शिरून शोधलं. तिथेही नव्हती. मग मी बाण दाबला आणि त्याने स्वतःच्या कानांनी ती ऐकली. त्यानंतर तो चहाला म्हणून उठला तो दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

ताई, तुला बाबांची वही आठवते? माझी नजर गेल्यावर ते जाड कागदावर बॉलपेन दाबून रेघा ओढायचे आणि माझं बोट त्या खाचेतून फिरवायचे. दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि खाली पाचवी रेघ. ती परतायची वेळ. संध्याकाळच्या ओहोटीत पाऊण तास मिळवून मी तोंडी सांगायची, मग ते लिहायचे. त्या वेळेनंतर कातळावर माणूस ठेवायचा नाही. उंचीचा खण तिथे मोकळाच असायचा.

आठवडाभर मी ताडून बघते आहे. बाईची पाचवी ओळ रोज बरोबर ओहोटी अधिक पाऊण तास.

फक्त येत्या शनिवारी, ३ मेला, तसं नाही. ओहोटी चार बावन्नला आणि पाचवी ओळ चार वाजून पाच मिनिटं. पाणी अजून उतरत असताना परत फिरा, असं ती सांगते. मी वीस वेळा तरी ऐकलं असेल. दर वेळी आधी तेवढंच थांबणं. बाबा सांगायच्या आधी घसा साफ करायचे ना, तेवढंच.

नक्की नसेल ते कळवू नकोस, असं तू लिहिलंस. हे नक्की नाही. शनिवारी काहीच झालं नाही तर भावोजी पुन्हा माझ्या वेळा फळ्यावर लिहिणार नाहीत, आणि त्या घरात माझ्या वाट्याला तेवढंच एक काम आहे. तरीही कळवते. शनिवारी चार पाचला माणसं वर हवीत.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी,
दिपाली


हरिहरेश्वर, रविवार, ४ मे

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

सगळे सुखरूप आहेत, हे आधी लिहिते.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा हे चिडले होते. ओहोटीच्या आधी लोकांना परत फिरवायचं म्हणजे हसं करून घेणं. ठमीमावशीने मात्र पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं की वेळ दिपूने सांगितली व्हय. मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, मग त्यात बोलण्यासारखं काय हाय.

काल चौदा माणसं होती. अर्ध्या वाटेवर यांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना मागे वळवलं. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा होता. एक काका तर वरपर्यंत कुरकुरत आले की एवढ्या लांबून काय पायऱ्या मोजायला आलो का. मी वर उभी होते. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची बाई वर आली.

त्यानंतर पाणी खूप मागे गेलं. कधी दिसत नाही तो कातळ दिसला, काळा आणि केसाळ. वारा नव्हता. मग ते आलं. आवाज नंतर आला, पाणी आधी. खालच्या नऊ पायऱ्या गेल्या. दोनदा आलं आणि निवळलं. चार बावन्नला तुझी ओहोटी मुकाट्याने लागली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. ते काका पायरीवर बसून राहिले होते. यांनी त्यांना पाणी दिलं. स्वतः रात्री जेवले नाहीत.

आज सकाळी उठून यांनी फळ्यावर पांढऱ्या रंगाने पाचवी ओळ आखली.

मी ट्रंकेतून बाबांची वही काढली. ते गेले त्या दिवसाचं पान बघितलं. कातळावर मागे राहिलेल्या त्या म्हाताऱ्या यात्रेकरूला आणायला ते परत खाली उतरले आणि वेळ विसरले, असंच आपण नऊ वर्षं म्हणत आलो. दिपू, त्या पानावर पाचवी रेघ आहे, पण तिच्यावर वेळ लिहिलेली नाही. तू नोकरीच्या मुलाखतीला पहाटेच्या गाडीने उरणला गेलीस तो दिवस. हे तुला लिहावं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

जवळ घेतलं आहे असं समज.

तुझी,
ताई


उरण, रविवार, ४ मे, संध्याकाळ

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ती ओळ कोरी असणार, हे मला ठाऊक होतं. निघताना त्यांनी अंगणातून हाक मारून विचारलं होतं, दिपू, पाचवी किती. गाडी सुटेल म्हणून मी आल्यावर सांगते म्हटलं. नऊ वर्षांत मी हे कोणालाच सांगितलेलं नाही.

आज दुपारी पुढच्या आठवड्याचं पान उघडलं. तक्ता, चार ओळी. चौथीनंतर बाण दाबला. बाई म्हणाली, तक्त्याबाहेर. सातही दिवस तसंच. कालपर्यंत होती, भावोजींनी सकाळी फळ्यावर आखली आणि इथून गेली. मी बराच वेळ बाणावर बोट ठेवून बसले होते. कोणी घसा साफ केला नाही.

चार ओळी नेहमीसारख्या खाली आहेत. पाचवी आता मला कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून ती मीच सांगते. भावोजींना रोज माझ्या नावाने लिहायला सांग. उद्या सोमवारी ओहोटी सहा वीसला. पाचवी, सात पाच.

बाबांच्या वहीतली ती ओळ तशीच कोरी राहू दे. मी आले की माझं बोट त्या खाचेतून एकदा फिरव.

तुझी,
दिपू