शकुनाचं पातळ

पिंप्राळा, जळगाव
२० नोव्हेंबर १९८७

ती. अक्कास,
धाकट्या चुडामणचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं आणि दुसऱ्याच दिवशी तू दुकानाच्या फळ्या काढून गादीवर बसलीस, हे वाचून भरून आलं. पुष्पाने मला ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. पाकिटावर तुझ्या नावामागे 'सौ.' लिहायला हात अजून वळतो, आणि त्याऐवजी लोक जे लिहितात ते माझ्याच्याने लिहवत नाही. म्हणून नुसतं मंजुळाबाई लिहिलंय. पोस्टमनने नाक मुरडलं तर मुरडू दे.

आता कामाचं. गिऱ्हाईक येतं, ताके उलगडायला लावतं आणि शेवटी धुळ्याला जाऊन खरेदी करतं, असं तू लिहितेस. अक्का, मी पाइप विकतो आणि तू पातळं विकतेस, पण विक्री ती विक्रीच. कंपनीने आम्हाला शिकवलंय की विक्रीच्या पायऱ्या असतात. गिऱ्हाईक कोणत्या पायरीवरून मागे फिरतं ते पाहायचं आणि तेवढीच दुरुस्त करायची. पहिली पायरी दाराची. तुझं दुकान रस्त्यावरून अंधारं दिसतं. दारापाशी ट्यूबलाइट लाव, धोतरांची चळत आत सरकव, शालू पुढे आण. दुसरी पायरी बैठकीची. लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर गाडी जुंपून येतं. त्यांना आधी पाणी दे, म्हाताऱ्यांना टेकायला लोड दे, आणि कापड नक्की कोण पसंत करणार ते ओळख. पागोटं घालून पुढे बसलेला माणूसच ठरवतो असं नसतं. एवढं करून मला कळव, मग पुढचं सांगतो.

वनाभाऊंना दुकान स्वतःकडे हवंय, हे मला नवीन नाही. दिरानेच मागितलं तर तू एकटी किती दिवस नाही म्हणणार, याची मला काळजी आहे. त्यांना सांग की लग्नाचे बस्ते होऊ देत, अक्षय्यतृतीयेला, आखाजीला बोलू.

आमची कोकिळा तिच्या फुईची, म्हणजे तुझी, सारखी आठवण काढते. तुझी माया गजाने मोजून देऊ नकोस, आम्हाला आख्खा ताका लागतो.

तुझा
चुडामण

---

शिंदखेडा
६ डिसेंबर १९८७

चि. चुडामणास,
अक्काचे अ. उ. आ.

लहानपणी तुझी बोरंसुद्धा मीच विकून द्यायचे, तू अर्धी खाऊन टाकायचास. आता तू मला दुकानदारी शिकवतोस. बरं, शिकते.

ट्यूबलाइट लावली. भिकन म्हणतो, दुकान आता न्हाव्याचं वाटतं. हा भिकन ह्यांच्या वेळेपासूनचा नोकर, त्यामुळे त्याला काही बोलता येत नाही. पण उजेडाने बाया थांबायला लागल्या हे खरं. लोड टाकले, माठ दारात आणला. आणि तू म्हणालास तसं पाहिलं तर कापड ठरवते नवरीची फुई. बाप हो म्हणतो, आई मान हलवते, आणि फुई कोपऱ्यात बसून नाक वाकडं करते की सगळे उठतात. आता मी पहिला चहा फुईलाच देते.

अडतं ते शेवटी. तुला आपला रिवाज ठाऊक आहे. बस्ता पसंत झाला की नवरीचं पहिलं पातळ, शकुनाचं, गादीवरच्या मालकाने हळदकुंकू लावून तिच्या आईच्या ओटीत घालायचं. त्यानंतरच बाकी कापड फाडायचं. हे होते तोवर ह्यांच्याच हातून जायचं. आता मी त्या वेळी वनाला मळ्यातून बोलावते. तो यायला उशीर करतो, कधी मुद्दाम करतो असंही वाटतं. परवा दोंडाईचाकडची माणसं ताटकळली आणि सगळं पसंत केलेलं तसंच टाकून गेली. वना मला म्हणाला की शेवटी मी लागतोच, तर मग गादीवरच बसतो, वहिनीने घरात आराम करावा. आराम करून मी काय करू रे? पोटी मूल नाही. सकाळी फळ्या काढते तेव्हा दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. गादी गेली तर घरात बसून भिंती बघायच्या.

पुष्पाला आणि कोकिळेला आशीर्वाद. पायऱ्या पाठवत जा, पण फार उंच नकोत, गुडघे दुखतात.

तुझी
अक्का

---

पिंप्राळा, जळगाव
१५ डिसेंबर १९८७

ती. अक्कास,
शिष्याचाच गुरू झालेल्या चुडामणचा सा. न.

तिसरी पायरी माल दाखवायची. सगळे ताके उलगडू नकोस, डोळे दिपले की माणूस गोंधळतो. मधल्या किमतीचं आधी दाखव आणि त्यांच्या तोंडाकडे बघून वर जा किंवा खाली ये. चौथी भावाची. एकच भाव सांग. घासाघीस केल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही हे मला कळतं, म्हणून शेवटी एक टोपी-उपरणं वर दे, म्हणजे जिंकल्याचं समाधान घेऊन जातील.

आणि शेवटची पायरी. अक्का, हे मी ठासून लिहितो. तयार झालेलं गिऱ्हाईक मालकाची वाट बघत बसतं, यासारखी चूक दुकानदारीत नाही. मालकीण तू आहेस. शकुनाचं पातळ तुझ्याच हातून जायला हवं. आई गेली तेव्हा मी केवढा होतो ते तुला माहीत आहे. तू मला या हातांनी भरवलंस, न्हाऊ घातलंस, शाळेत पाठवलंस. माझं काय वाईट झालं? दिवस बदललेत. एकदा धीर कर, लोक आपोआप सरावतील. मी तुझ्या पाठीशी आहे.

थंडी फार आहे, दुकानात शेगडी ठेव. पत्राला उशीर केलास तर मी स्वतः येऊन लोडाला टेकून बसेन आणि चहा मागेन.

तुझा
चुडामण

---

शिंदखेडा
३० जानेवारी १९८८

चि. चुडामणास,
अ. उ. आ.

पौष संपला आणि पहिल्याच आठवड्यात बस्ते आले. तू सांगितलेलं सगळं केलं. मधल्या किमतीचं आधी दाखवलं, एक भाव धरला, टोपी-उपरणं दिलं. भिकनसुद्धा म्हणाला की बाई, दुकान हुशार झालं.

मग एका घरचा बस्ता पुरा पसंत झाला. मी वनाला बोलावलं नाही. देवाचं नाव घेतलं, पातळाच्या काठाला हळदकुंकू लावलं आणि नवरीच्या आईपुढे धरलं. तिने ओटी पसरली होती. माझ्या कपाळाकडे तिची नजर गेली आणि तिने पदर सोडून दिला. पातळ गादीवर पडलं. कोणी मला वाईट बोललं नाही, हे सांगायला हवं. फुईने उलट माझ्या पाठीवरून हात फिरवला. बठ्ठं बेस शे, पन घरमा इचारीसन येतस, असं म्हणाली आणि सगळे चपला घालून गेले. घरचे तर सगळे इथेच बसलेले होते, आता घरात विचारणार कोणाला? ते परत आले नाहीत.

त्यानंतर आणखीही घरं तशीच गेली. आता तर दारातूनच विचारतात की गादीवर कोण बसलंय. रोजची पातळं, पोरांचे कपडे घेतात. बस्त्याचं नाव काढत नाहीत. वनाने मला आखाजीपर्यंत मुदत दिलीय. तोवर बस्ते आले नाहीत तर गादी त्याला द्यायची, असं मी कबूल केलंय. न करून काय करणार, घर त्याच्याही धान्यावर चालतं.

त्याला पुन्हा बोलावत जाऊ का? तू म्हणशील तसं करते. मला स्वतःचं काही सुचेनासं झालंय.

तुझी
अक्का

---

पिंप्राळा, जळगाव
४ फेब्रुवारी १९८८

ती. अक्कास,
चुडामणचा सा. न., आणि सोबत पेढ्याची बातमी.

कोकिळेचं लग्न ठरलं. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला आहे, क्वार्टर मिळालंय, माणसं साधी आहेत. लग्न वैशाखात. तुझी पोर दुसऱ्या घरी जाणार म्हणून पुष्पा आत्तापासून डोळे पुसते.

वनाभाऊंना मुळीच बोलावू नकोस. हे ऐक. नवा पाइप कोणीच घेत नसलं की आम्ही एका शेतात तो टाकून दाखवतो. पाणी वाहताना गावाने पाहिलं की दुसऱ्या आठवड्यात गाव मागायला येतं. तर कोकिळेचा बस्ता तुझ्या गादीवर बांधू. व्याही, सोयरे, सगळ्यांना गाडी करून शिंदखेड्याला आणतो. भर पेठेत, फळ्या उघड्या ठेवून, पुष्पाच्या ओटीत शकुनाचं पातळ तू घालायचं. सख्ख्या भावाने पोरीला तुझ्या हातचं नेसवलं म्हटल्यावर कोण काय बोलणार आहे? होळी झाली की आलोच.

शालू निवडायला लाग. भाव मात्र एकच, भावालासुद्धा.

तुझा
चुडामण

---

शिंदखेडा
१४ फेब्रुवारी १९८८

चि. चुडामणास,
अ. उ. आ. आणि माझ्या कोकिळेला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी भिकनला वाचून दाखवलं, सासूबाईंना दाखवलं, आणि शेवटी वनालाही. वना चार माणसांत म्हणाला की वहिनीच्या भावाच्या पोरीचं पातळ तिच्या हातून गेलं तर मी गादीचं नाव पुन्हा काढणार नाही. मनाने तो वाईट नाही, बोललेलं पाळतो.

दुकानाला चुना दिला. नवीन खोळी शिवल्या. समोरच्या शिंप्याने विचारलं तर मी आपणहून सांगितलं की भाचीचा बस्ता आहे. मला एवढं बोलताना लोक पहिल्यांदाच बघत असतील. पेठेत सगळ्यांना ठाऊक झालंय. उठून गेलेल्या एका घरच्या बाईने तर येऊन विचारलं की खरंच का, आणि खरं असेल तर धाकटीच्या वेळी बघू म्हणाली.

सुरतेहून शालू मागवलेत. कोकिळेला डाळिंबी शोभेल की मोरपंखी ते पुष्पाला विचारून कळव. दिवस ठरला की आधी कार्ड टाक, म्हणजे पुरणाचं बघते.

तुझी
अक्का

---

पिंप्राळा, जळगाव
२० मार्च १९८८

ती. अक्कास,
सा. न.

लिहायला उशीर झाला. कोकिळेचा बस्ता आम्ही गेल्या रविवारी जळगावातच बांधला.

दीपनगरच्या लोकांना शिंदखेडा लांब पडतं, असं तुला कळवायचं ठरवलं होतं. पण तू ते ओळखशील म्हणून खरं लिहितो. पुष्पाने जेवण सोडलं होतं. अक्कांवर माझी माया आहे, असं ती रडून रडून सांगते. पण एकुलती एक पोर आहे, उद्या काही कमीजास्त झालं तर जन्मभर मी त्या पातळाकडे बोट दाखवीन, म्हणते. मी भांडलो. मग ती मला म्हणाली की काहीही होणार नाही अशी शपथ घ्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. अक्का, माझा हात उचलला गेला नाही.

आहेराची पातळं सगळी तुझ्याकडूनच घेणार आहे, यादी सोबत आहे. तू समजून घेशील. तू नेहमीच घेतलंस. दुकानाच्या पायऱ्या सोडू नकोस. लग्नाला आठ दिवस आधी ये, वनाभाऊंना सोबत आण.

तुझाच
चुडामण

---

शिंदखेडा
१० एप्रिल १९८८

चि. चुडामणास,

आहेराची पातळं भिकनबरोबर पाठवलीत. वनाने निवडली, भिकनने घड्या घातल्या. मी हात लावलेला नाही, तेव्हा पुष्पाने निर्धास्त वाटावीत.

आखाजीपर्यंत थांबले नाही. गादी वनाला दिली. पेठेत तोंड दाखवायला नको वाटत होतं, आणि वनालाही एकदाचं काय ते उत्तर द्यायला हवं होतं. तुझ्या सगळ्या पायऱ्या त्याला शिकवल्या. उजेड, लोड, फुईचा पहिला चहा, एक भाव, टोपी-उपरणं. या महिन्यात बसायला जागा पुरत नाही. कोणाला काय दाखवायचं ते भिकन आत येऊन मला विचारून जातो, आणि मी सांगितलेलंच पसंत पडतं. तू शिकवलेलं खरं होतं, ते तुला कळवायला हवं म्हणून लिहिलं. मी आतल्या खोलीत असते.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. बस्ता तिकडे बांधलास याचा नाही. पोरीची आई घाबरणारच, मी तिच्या जागी असते तर मीही घाबरले असते. तू आधी विचारलं असतंस तर मीच तुला जळगावातच बांध म्हटलं असतं. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या बाईने पदर सोडला तेव्हा मला वाटलं, ही माणसं अडाणी आहेत, माझा भाऊ शिकलेला आहे आणि तो म्हणतो माझ्या हातात काही वाईट नाही. तेवढ्यावर मी सगळ्यांच्या नजरा सोसून गादीवर बसून राहिले. आता तूच शपथ घेऊ शकला नाहीस. मग लोक म्हणतात ते खरं असेल. सकाळी तुळशीला पाणी घालताना मी थांबते आणि ते त्यांनी घालावं म्हणून सासूबाईंना हाक मारते.

लग्नाला आदल्या दिवशी येईन आणि मागे बसेन. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मला पुढे बोलावू नकोस.

कोकिळेसाठी दोन ओळी लिहायला घेतल्या होत्या. चि. कोकिळेस, एवढं लिहिलं आणि आशीर्वाद हा शब्द लिहायचा धीर होईना. तो तुम्ही दोघांनी द्या. माझा म्हणून देऊ नका.

अक्का