लिसांद्रोच्या ग्रहाचा नकाशा

३ नोव्हेंबर १९८६, कोयाइके

आज वैमानिक पुन्हा मेला. नदीकाठी, तहानेने! मी टाइप केलं, "बाबा रे, थोडं पाणी पिऊन घे." संगणकाला एक नाम आणि एक क्रियापद, एवढंच कळतं. पाठशाळेतले आमचे गुरुजी यापेक्षा उदार होते.

खेळाची कॅसेट लिसांद्रोची. धावपट्टीवरचा रेडिओ सांभाळतो आणि फावल्या वेळात असले शब्दांचे खेळ रचतो. परग्रहावर यान कोसळलंय, वैमानिक एकटा, आपण टाइप करू तसा तो वागतो. माझी घरमालकीण नोएमी त्याची वहिनी. तिचा नवरा अर्तेमियो खराखुरा वैमानिक — दोन हिवाळ्यांपूर्वी टपाल घेऊन उडाला, परतला नाही. अशा घरात असला खेळ द्यावा? "वहिनीचं मन रमतं हो," म्हणे.

रमतं खरं. तेच मला आवडत नाही.

५ नोव्हेंबर

नोएमी खेळाचा नकाशा काढतेय. सगळेच खेळणारे काढतात — एक जागा, एक चौकोन. म्हटलं, "बातमीदार मी, आणि भूगोल तुम्ही?" म्हणाली, "तुम्ही आधी त्याला पाणी पाजा."

सोळा तारखेच्या रविवारी ती लिसांद्रोला लग्नाचा होकार देणार. तो रोज लाकडं फोडून देतो. गावाने तर लग्न लावूनच टाकलंय.

९ नोव्हेंबर

नकाशा पुरा झाला. नोएमीने पेन्सिल खाली ठेवली. "तीन धारांची नदी. उत्तरेला फुटका कडा. पश्चिमेला पत्र्याची झोपडी. ही माझ्या बाबांची मेंढ्यांची दरी आहे."

असले खेळ रचणारे हीच चूक करतात. आकाशात दोन चंद्र टांगतात, जमीन मात्र पाहिलेलीच घेतात.

"पण भावोजी तर म्हणतात, 'मी ती दरी कधी पाहिलीच नाही,'" नोएमी म्हणाली.

अर्तेमियोचा शोध तळ्याकडे घेतला होता. रेडिओवर त्याचा शेवटचा निरोप तळ्यावरून आला म्हणे — तो ऐकणारा एकटा लिसांद्रोच.

१० नोव्हेंबर

लिसांद्रो लाकडं घेऊन आत आला. टेबलावरचा नकाशा बराच वेळ बघत राहिला. मग, "कॅसेट द्या वहिनी, एक चूक राहिलीये." जाताना मला, "बातमीदारसाहेब, खेळात बरंच लांबवर चाललात की."

११ नोव्हेंबर

दुरुस्त कॅसेट आली. नोएमी टाइप करते, "पश्चिमेला जा." उत्तर: इथे काही नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

१३ नोव्हेंबर

"त्या झोपडीत काय आहे, ते रविवारच्या आत मला कळलं पाहिजे," नोएमी म्हणाली. पोलीस चौकीवरच्या सार्जंट बार्रियाकडे घोडी मागायला गेलो. तो म्हणाला, "गंमत आहे. लिसांद्रोही मघाशी विचारून गेला, तुम्ही घोडी मागितलीत का."

१५ नोव्हेंबर

विमान दरीत आहे, पंख सोडले तर धड. अर्तेमियोचा सांगाडा झोपडीत होता. मोडलेल्या पायाला फळ्या बांधलेल्या — कुणीतरी नीट, मायेने.

दाराला कडी बाहेरून.